मापाचा ब्लाउज

मापाचा ब्लाउज परत मागणं म्हणजे काय, हे पेठेत वाढलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. आपला एक नीट बसणारा जुना ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे कायमचा ठेवलेला असतो. नवं कापड द्यायचं, ‘मापाचा आहेच तुमच्याकडे’ म्हणायचं आणि निघायचं. टेप लावून घेत उभं राहायला नको. वर्षातून एकदा ‘आता जरा सैलच ठेवा’ एवढं हळूच सांगितलं की झालं. तो ब्लाउज ज्या दिवशी तुम्ही परत मागता, त्या दिवशी तुम्ही त्या बाईला सोडलेलं असतं. भांडण होत नाही, कारण विचारलं जात नाही. ती पेटी उघडते, ब्लाउज काढून देते, आणि त्यानंतर तुम्ही तिच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघता.

मी मात्र मागताना कारणही सांगितलं. तेही चार बायकांसमोर. त्याची लाज मला आज इतक्या वर्षांनीही वाटते आणि ती कमी व्हायचं काही चिन्ह दिसत नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले आहे.

आम्ही बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत राहत होतो. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या एका खोलीत काकू राहायच्या. यवतमाळकडच्या. नवरा भोसरीच्या कारखान्यात कामाला लागला म्हणून इकडे आलेल्या, आणि पायमशीन बरोबर आणलेलं म्हणून चार महिन्यांत गल्लीच्या झालेल्या. त्यांच्या दाराबाहेर ओटा होता. दुपारी तिथे बायका बसायच्या, कोणी हुक लावून घ्यायला, कोणी फॉल लावून घ्यायला, बऱ्याचशा नुसत्याच. काकूंची बोली पेठेला सुरुवातीला गमतीची वाटली. ‘मले’, ‘तुले’ ऐकून आमच्याकडच्या बायका पदराआड हसायच्या. मग काकूंनी शिवलेला पहिला ब्लाउज अंगात गेला की हसणं थांबायचं.

देशाचे दरवाजे उघडले म्हणजे नेमकं काय झालं, ते अर्थशास्त्रवाले सांगतील. आमच्या गल्लीपुरतं सांगायचं तर ब्लाउजची पाठ उघडली. घरोघरी केबल आली आणि वर्षभरात मागचा गळा वीतभर खाली गेला. मग त्यावर दोरी आली, दोरीच्या टोकाला लोंबती लटकनं आली. दंडावरचे फुगे गेले, मग बाह्याच गेल्या, मग बाह्या जाळीच्या होऊन परत आल्या. पंजाबी ड्रेसच्या सलवारी घोळदार झाल्या, चुडीदार झाल्या, पुन्हा घोळदार झाल्या. पुढे तो पायघोळ अनारकली आला तेव्हा तर पाच फूटही नसलेल्या बायका त्यात शिरून जिन्यावर अडखळायला लागल्या. मोठे डिझायनर मुंबई-दिल्लीत जे काढत, ते आमच्याकडे टीव्हीतून यायचं आणि काकूंच्या ओट्यावर उतरायचं.

काकूंकडे टीव्ही नव्हता. दुपारी त्या आमच्याकडे वर यायच्या आणि दाराशी पाय दुमडून बसायच्या. आई आवाज वाढवायला गेली की म्हणायच्या, ‘राहू दे नं ताई. आवाज नसला तरी चालते मले.’ मालिकेत कोण कोणाला फसवतंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्या फक्त कापड कसं पडतंय ते बघायच्या. नटी वळली की पुढे वाकायच्या, कारण पाठ तेवढीच दिसायची. मग खाली जाऊन जुन्या वर्तमानपत्रावर खडूने गळा काढायच्या, आणि दोन दिवसांत तो गळा गल्लीतल्या कोणाच्या तरी पाठीवर असायचा.

पण जसाच्या तसा कधीच नाही. काय घालायचं आणि कसं घालायचं यातलं मला जे काही कळतं, ते मी त्या ओट्यावर शिकले. कपड्यांच्या मासिकांतून नंतर जे वाचलं ते सगळं काकूंनी आधीच सांगितलेलं होतं, आणि कमी शब्दांत. रुंद खांद्यांच्या बाईने फुगे मागितले तर त्या कापड कमी आहे म्हणायच्या, आणि कापड तर समोर भरपूर पडलेलं असायचं. एका ठेंगण्या बाईंनी वीतभर काठाची साडी दाखवली तेव्हा काकू म्हणाल्या, ‘चांगली हाये. पण रस्त्यानं साडीच चालन, तुमी दिसणार नाई.’ त्या बाई रागावल्या नाहीत. पुण्यात हे असं बोलणं कळतं. पाठ खोल असली की बाही लांब ठेवायची, अंगावर चमक असली की गळा साधा ठेवायचा, नवं काही आलं की आधी आपल्या आरशातल्या अंगाकडे नीट बघायचं, टीव्हीतल्या नाही. एवढंच त्यांचं शास्त्र होतं.

मला त्यांनी एकच गोष्ट कधी शिवून दिली नाही. खांद्याच्या टोकापर्यंत जाणारा रुंद गळा. कॉलेजात मागितला, नोकरी लागल्यावर मागितला. दर वेळी उत्तर एकच.

‘तुले नाई शोभत.’

‘का पण?’

‘नाई शोभत म्हनजे नाई शोभत. दुसरं सांग.’

मला शोभत नाही असं काही असू शकतं, यावर माझा विश्वास नव्हता. मला कपडे शोभतात हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. रेडिमेड घेतलेला टॉपसुद्धा आई आधी काकूंकडे ‘फिटिंगला’ द्यायची आणि तो परत आला की माझ्यासाठीच शिवल्यासारखा बसायचा. घरात आरसा होता तो भिंतीवरचा, दाढीपुरता. त्यात मान आणि चेहरा दिसायचा आणि तेवढ्यावर मी खूश होते. फक्त एक होतं, पर्स माझ्या डाव्या खांद्यावर कधी टिकायची नाही. मी तीन पर्सा बदलल्या.

खराडीला कंपन्यांच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा मला तिथल्या एका कंपनीत नोकरी लागली. काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या पगारी. माझ्या स्वभावाला हे काम फार मानवलं. कंपनीची बस, गळ्यात पट्टा, दुपारी कॅन्टीनमध्ये दिल्ली-हैदराबादच्या मुली. त्यांच्या तोंडी डिझायनर, बुटीक, कलेक्शन असे शब्द सहज असायचे. ‘कुठून घेतलास?’ असं एकीने माझ्या कुडत्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘आहे एक ओळखीची डिझायनर.’ काकूंना मी डिझायनर म्हणाले ते एकदाच, आणि तेही त्यांना लपवण्यासाठी.

त्या वर्षी कंपनीचा वार्षिक समारंभ दिवाळीच्या आधी होता आणि सगळ्या जणी साड्या नेसणार होत्या. तेव्हा रुंद गळ्याची लाट होती. खांद्याच्या अगदी कडेला टेकलेला गळा, मागे मोठा गोल, बाही जाळीची. मी मासिकातलं पान कापून काकूंकडे नेलं. त्यांनी ते पान उजेडात धरून बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, ‘मागचा असा देतो. जाळी देतो. समोर थोडा आत घेऊ.’ मी म्हणाले, आत घ्यायचा असता तर मी चित्र कशाला आणलं असतं. त्या हसल्या आणि पान मला परत दिलं. मला वाटलं, यांना जमत नाही आणि कबूल करायचं नाही.

म्हणून मी नदीपलीकडच्या एका बुटीकमध्ये गेले. काचेचं दार, आत अत्तराचा वास, पाणी विचारायला वेगळी मुलगी. बुटीकच्या मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, नीट बसणारा एखादा ब्लाउज आणा, त्यावरून मास्टरला अंदाज येतो. मी घरातला एक नेला, काकूंनीच शिवलेला. मास्टरने तो टेबलावर पसरला, मधोमध दुमडला आणि हसला. मॅडमना बोलावलं. दोन्ही बाजू एकमेकींवर जुळत नव्हत्या. डाव्या खांद्याचा उतार वेगळा होता, त्याच्या आत तीनपदरी कापडाची चपटी गादी शिवलेली होती, उजवीकडे काही नव्हतं. डाव्या काखेची शिवणही जास्त आत गेलेली.

‘कोणी शिवला हा?’ मॅडमनी विचारलं.

‘आमच्याकडे एक बाई आहेत, घरगुती.’

‘सरळ कापताच येत नाही त्यांना,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि हे बघा, उरलेल्या चिंध्या आत भरून बरोबरी केलीये.’

मग मास्टरने माझी मापं घेतली, कुडत्यावरून. कुडता काकूंनी शिवलेला होता. टेप खांद्यावरून फिरली, तिला सगळं सरळ लागलं, आणि आकडे वहीत लिहिले गेले. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात एवढंच आलं की मी इतकी वर्षं वाकड्या कपड्यांत फिरले आणि खराडीतल्या त्या मुलींनी ते पाहिलं असणार.  घरी जाईपर्यंत रिक्षात मी वाक्यं जुळवत होते.

ओट्यावर तेव्हा चौघी होत्या. दिवाळी तोंडावर, काकूंकडे कापडांचा ढीग. मी चप्पलही काढली नाही. म्हणाले, ‘काकू, माझा मापाचा ब्लाउज द्या परत.’

 काकूंनी कात्री खाली ठेवली. काही विचारलं नाही, आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली. एवढ्यावर थांबले असते तरी मी कृतघ्न ठरले असते, पण रीतीतली कृतघ्न. मी थांबले नाही. त्या ब्लाउज घेऊन बाहेर आल्या तसा मी तो त्यांच्या हातातून घेतला, मधोमध दुमडला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

‘हे बघा. दोन बाजूंना दोन मापं. सरळ कापताच येत नाही तुम्हाला. इतकी वर्षं मला वाकडं शिवून देताय, आणि आत चिंध्या भरून झाकताय. शिकलेल्या माणसाने बघितलं तेव्हा कळलं.’

काकूंनी ब्लाउजकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग त्या चौघींकडे. त्यांचं तोंड उघडलं होतं हे मला स्पष्ट आठवतं. काहीतरी बोलणार होत्या. मग मिटलं.

‘चुकलं असन, बाई,’ त्या म्हणाल्या.

चौघींतली एक, तिसऱ्या मजल्यावरची, तिने आपला नवा ब्लाउज पिशवीतून काढून उलटसुलट केला आणि म्हणाली, ‘बरं झालं कळलं. मी उगाच माझ्या पाठीला नावं ठेवत होते.’ बाकीच्या हसल्या. मी जिना चढले तेव्हा मला बरं वाटत होतं. हे मी लपवणार नाही. खूप बरं वाटत होतं.

समारंभाच्या दिवशी बुटीकचा ब्लाउज घातला. काम फार सुरेख होतं, जाळी, बारीक मणी, दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या. ऑफिसच्या प्रसाधनगृहात भिंतभर आरसा आहे. तिथे मी पहिल्यांदा स्वतःला कमरेपासून वर, उघड्या खांद्यांनी, चांगल्या उजेडात पाहिलं. गळा डावीकडे घसरला होता. वर ओढला. दोन पावलांत परत घसरला. पिन लावली, पिनेने जाळी फाटली. बाजूला उभ्या असलेल्या टीममधल्या मुलीने मदत करता करता सहज, अगदी चांगल्या मनाने विचारलं, ‘तुझा एक खांदा खाली आहे का गं?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘ब्लाउज चुकलाय.’

दुसऱ्या आठवड्यात फोटो सगळ्यांना ईमेलने आले. मी रांगेच्या टोकाला होते, एका खिळ्यावर कललेल्या कॅलेंडरसारखी.

संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं. तिने मान वर केली नाही.

‘आहे,’ ती म्हणाली. ‘डावा. बारा वर्षांची होतीस तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, कण्याला किंचित बाक आहे, वाढायचा नाही, पण जायचाही नाही.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगणार होते. तुझा पहिला पंजाबी ड्रेस शिवायला टाकला तेव्हा काकूंच्याच लक्षात आलं होतं, डॉक्टरांच्याही आधी. त्या म्हणाल्या, पोरीले सांगू नका, वाकून चालन मंग जन्मभर. मी शिवीन तसं. त्यांनी शिवलं, आणि खरं सांगायचं तर आम्ही विसरून गेलो.’

मी म्हणाले, मी काकूंना काय बोलले ते तुला माहीत नाही. ती म्हणाली, माहीत आहे, गल्लीला माहीत आहे. मग मेथीच्या काड्या कागदात गुंडाळत तिने पुढचं सांगितलं. ‘मी बोलले असते. पण तुझी स्थळं चालू आहेत. ओट्यावर बोललेलं कुठे कुठे जातं, मला ठाऊक आहे. आता तूही गप्प बस.’

आईला दोष देऊन मी सुटू शकले असते. पण आईने नुसतं सांगितलं, आणि ऐकलं मी. पुढचे सहा महिने मी गप्प बसले.

त्या सहा महिन्यांत काय झालं ते मी जिन्यातून येता-जाता पाहिलं. आधी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपला मापाचा नेला. मग समोरच्या घरातल्या दोघी सासू-सुनांनी. प्रत्येक बाई घरी जाऊन आपले ब्लाउज दुमडून बघत असणार. आणि दुमडून बघितलं तर कोणाच्या दोन बाजू जुळतात? कोणाचा एक दंड जाड, कोणाची कंबर एकीकडे भरलेली. काकूंनी प्रत्येकीला तिच्या अंगासारखं शिवलं होतं आणि प्रत्येकीचं गुपित आत झाकलं होतं. आता तेच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झालं. ‘सरळ कापता येत नाही’ हे वाक्य मी बुटीकमधून आणलं आणि ते गल्लीचं झालं. दुपारी ओटा रिकामा राहायला लागला. काकू टीव्ही बघायलाही वर येईनाशा झाल्या. आईने एकदा बोलावणं पाठवलं तर काम आहे म्हणाल्या. काम नव्हतं, हे खालून मशीनचा आवाज येत नसल्यामुळे आम्हाला कळत होतं.

एका वाक्याने हे सगळं थांबलं असतं. ओट्यावर चार बायका असताना उभं राहायचं आणि म्हणायचं: ब्लाउज बरोबर होता, माझा खांदा खाली आहे. ऑफिसात मी दिवसभर हेच करायचे. एखादी चूक नोंदवली आणि मागून कळलं की ती चूक नव्हतीच, तर तसं लिहून सगळ्या संबंधितांना कळवायचं, असा नियमच होता. मी तो काटेकोर पाळायचे. त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं. बसमधून येताना नगर रस्त्यावर मी रोज ते वाक्य तयार करायचे, आणि गल्लीच्या तोंडाशी उतरले की मोबाईल काढून त्यात बघत जिना गाठायचे.

याहून वाईट एक गोष्ट आहे. मार्चमध्ये एक स्थळ आलं. मुलाकडची माणसं बघायला येणार म्हणून आईने साडी काढली आणि ब्लाउजचा प्रश्न आला. बुटीकचा घसरणारा. बाकीचे मी रागाने कामवाल्या बाईंना देऊन टाकले होते. राहिला एकच, काकूंकडून ओढून आणलेला मापाचा. मोतिया रंगाचा, कशावरही चालेल असा. मी तो घातला. मुलाची आई पोहे खाता खाता माझ्या आईला म्हणाली, ‘अंगाला कपडा शोभतो हो हिच्या.’ लग्न तिथेच जमलं म्हणायला हरकत नाही. खाली काकूंचं दार उघडं होतं. पाहुणे त्यांच्या दारावरूनच वर आले आणि त्यांच्या दारावरूनच गेले.

लग्न जमल्यावर तरी सांगायला हरकत नव्हती, असं कोणी म्हणेल. मीही म्हणाले, स्वतःशी. पण साखरपुडा झाला की सांगू, मग लग्न झालं की सांगू, असं करता करता एक दिवस ऑफिसहून आले तर काकूंच्या खोलीला कुलूप होतं. आई म्हणाली, सकाळी टेम्पो आला होता, वाघोलीला गेले. नवऱ्याला तिकडे काम मिळालंय म्हणे. नवऱ्याचं काम हे खरं कारण असेलही. मला विचारून उपयोग नव्हता, कारण मला तेच खरं असायला हवं होतं.

वाघोली खराडीच्या पुढेच आहे. म्हणजे आता काकू माझ्या ऑफिसपासून घरापेक्षा जवळ राहत होत्या, आणि तरी मला तिथे जायला दीड महिना लागला. लग्नाचं कापड घेऊन गेले आणि तो मोतिया ब्लाउज. पत्ता शोधत एका पत्र्याच्या शेडपाशी पोचले. आत ओळीने मशीनं, बायका शाळेचे गणवेश शिवत होत्या. काकू तिसऱ्या मशीनवर होत्या. मला पाहून त्यांनी पायडल थांबवलं.

‘आली काय. बस.’

बसायला काही नव्हतं. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. बसमध्ये तयार केलेलं सगळं विसरले. म्हणाले, ‘काकू, मला माहीत नव्हतं.’

‘तुले मालूम कसं असन?’ त्या म्हणाल्या. ‘तुले मालूम होऊ नये म्हनूनच तं तसं शिवत होतो.’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी पिशवीतून कापड काढलं, म्हणाले, लग्नाचा ब्लाउज तुम्हीच शिवा. त्यांनी कापडाचा पोत बोटांनी बघितला, छान हाये म्हणाल्या, आणि घडी घालून परत दिलं.

‘आता मापाचं नाई शिवत मी. नंबरचं शिवतो. अठ्ठावीस, तीस, बत्तीस.’ त्यांनी समोरचा पांढरा शर्ट उचलून मधोमध दुमडून दाखवला. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या. ‘इथं साऱ्याइचे खांदे सारखेच.’

 त्यांनी माझ्या हातातला मोतिया ब्लाउज घेतला, उलटा केला, डाव्या खांद्याच्या आतली गादी चाचपली. दबली हाये म्हणाल्या. शर्टाच्या कापडाचा एक तुकडा घेऊन त्यांनी त्याचे तीन पदर केले आणि तिथल्या तिथे सुईने ती भरून दिली. दोरा दातांनी तोडला. ‘कोनाकडूनबी शिवून घे. हाच दे मापाले. शिवनाऱ्याले फक्त सांग, दोन्ही बाजू सारख्या करू नका म्हना.’

मी निघाले तशा त्या दारापर्यंत आल्या. माझी ओढणी डावीकडून उतरली होती, ती त्यांनी उचलून खांद्यावर नीट बसवली.

‘लगन जमलं, आयकलं मी. बरं झालं,’ त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. ‘मी कोनाले बोलली नाई, बरं. आता तं पेठेतबी नाई मी. तुह्या सासरी काई मालूम होनार नाई. तू काळजी करू नको.’

त्यांना वाटलं होतं, मी ते विचारायला आले आहे.

लग्नाचा ब्लाउज मी दुसरीकडे शिवला. शिवणाऱ्या बाईंना एवढंच म्हणाले, ‘जसाच्या तसा शिवा, विचारू नका.’ खरं कारण तिथेही सांगितलं नाही. नवऱ्याला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. तो म्हणाला, ‘तुझा हा खांदा खाली आहे का?’ आणि पुन्हा पेपर वाचायला लागला. ज्याच्यासाठी मी एका बाईचं नाव जाऊ दिलं, ते गुपित एवढ्याच किमतीचं होतं.

त्यानंतर वर्षभराने वाघोलीला गेले तेव्हा शेडच्या जागी इमारतीचा पाया खणत होते. काकू कुठे गेल्या ते कोणाला सांगता आलं नाही. पेठेतली ती इमारतही आता नाही, ओटा नाही, त्या चौघींपैकी दोघी वारल्या. माझी मुलगी मोबाईलवर कपडे मागवते, स्मॉल, मीडियम, लार्ज. हल्ली एका खांद्याच्या ब्लाउजची फॅशन आहे म्हणे. तिने मला विचारलं, कसा दिसेल गं? मी तिला आरशासमोर उभं केलं, सरळ, दोन्ही हात खाली सोडून, आणि आधी तिचे खांदे बघितले.

सारखे आहेत.

माझा डावा खांदा खाली आहे. दीड बोट. ब्लाउज बरोबर होता.